लॉन्सेस्टन एलियट

आपल्याकडील तालमींत जड दगडी गोटी किंवा नाल उचलण्याची चाल फार जुनी आहे. अमक्यानें अमकी गोटी उचलली, एवढी वार्ता गांवांत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु ती त्यानें कशी उचलली, आणि उचलण्यापूर्वीं तो किती वेळां हरला, हें मात्र कोणी सांगत नाहीं. वजन स्मरणांत राहतें व माणूस विस्मरणांत जातो. ज्याचें चरित्र येथें सांगावयाचें आहे त्याचीही बरीचशी तीच गत झाली. तो इंग्लंडांतील हौशी वजन उचलणारांपैकीं एक. पण त्याचा जन्म मात्र आपल्या जुन्या मुंबई इलाख्यांतला.

लॉन्सेस्टन एलियट हा ९ जून १८७४ रोजीं कलादगी येथें जन्मला. कलादगी हें त्या काळीं इलाख्यांतील एका जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होतें; आज तें गांव कर्नाटक राज्याच्या बागलकोट जिल्ह्यांत मोडतें. त्याचा पिता गिल्बर्ट एलियट हा येथें सरकारी अंमलदार होता. मुलाचें नांव त्यानें टास्मानिया बेटांतील लॉन्सेस्टन शहरावरून ठेविलें. पुढें १८८७ सालीं त्यानें नोकरी सोडली व एसेक्स परगण्यांत शेती आरंभिली. तेव्हां लॉन्सेस्टन तेरा वर्षांचा होता.

त्या सुमारास इंग्लंडांत शक्तीचे प्रयोग मुख्यतः नाट्यगृहांतून चालत. असे प्रयोग करणारे तिकिटें लावून लोखंड उचलीत. परंतु त्यांचीं वजनें पुष्कळदां नांवापुरतींच जड असत. याच्या उलट, कांहीं शहरांत व्यायामप्रेमी लोकांचीं हौशी मंडळें निघूं लागलीं होतीं. दिवसाचें काम आटोपल्यावर सभासद तेथें जमत, व दांडीच्या दोन टोकांस लोखंडी गोळे बसविलेलीं वजनें उचलीत. हौशी स्पर्धेचा नियम असा कीं, खेळावर पैसा मिळवावयाचा नाहीं. आणि वजन पंचांसमक्ष उचलावयाचें. अशा मंडळांमुळें शक्ति ही तमाशाची वस्तु न राहतां परीक्षेची वस्तु झाली.

एलियटचा गुरु यूजेन सँडो हा मात्र रंगभूमीवरचा पुरुष होता. जर्मनींतून आलेल्या या मल्लानें १८८९ सालीं लंडन येथें सॅम्सन नांव धारण करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास हरवून मोठी कीर्ति मिळविली होती. पुढें १९०४-०५ सालीं तो हिंदुस्थानांतही येऊन गेला. त्याच्या हाताखालीं एलियटचें शरीर कसलें गेलें. उंची सहा फुटांहून अधिक, बांधा रेखीव, असा तो तरुण दिसूं लागला.

१८९१ सालीं इंग्लंडांत हौशी मंडळींची वजन उचलण्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. सोळा वर्षांचा एलियट तींत उतरला व हरला. जिंकला तो कोण? एडवर्ड लॉरेन्स लेव्ही नांवाचा, चाळिशीच्या घरांतला, बर्मिंगहॅमचा एक शाळामास्तर! हा लेव्ही धर्मानें यहुदी होता. त्याच वर्षाच्या २८ मार्चला लंडन येथें निरनिराळ्या देशांच्या मल्लांची जी स्पर्धा झाली, तींतही तोच पहिला आला. मुलें शिकवून उरलेल्या वेळांत अंग कमावणाऱ्या मास्तराकडून हरणें, हें सोळाव्या वर्षीं कोणासही बोंचलें असतें. परंतु एलियटनें वजनें टाकून दिलीं नाहींत. तीन वर्षांनीं, १८९४ सालीं, तोच किताब त्यानें मिळविला.

यानंतर त्याच्या आयुष्यांतील मुख्य दिवस आला, तो ७ एप्रिल १८९६ चा. अथेन्स नगरींत त्या वर्षीं ऑलिंपिक खेळांचें पुनरुज्जीवन झालें होतें. प्राचीन जागेवर नव्यानें उभारलेल्या संगमरवरी क्रीडांगणांत प्रथम दोन्ही हातांनीं वजन उचलण्याची स्पर्धा झाली. ग्रीस, जर्मनी व हंगेरी येथील मल्ल मागें पडले, आणि एलियट व डेन्मार्कचा विगो येन्सेन हे दोघेच उरले. दोघांनींही १११.५ किलोग्रॅम वजन उचललें. जुन्या बंगाली मणाच्या हिशेबानें तें जवळजवळ ३ मण भरतें. आतां निवाडा कसा करावा? ग्रीसचा राजपुत्र जॉर्ज हा पंच होता. येन्सेनचें उचलणें अधिक सफाईचें होतें. एलियटचें एक पाऊल मात्र उचलतांना हललें होतें. राजपुत्रानें येन्सेनास विजयी ठरविलें.

इंग्रज मंडळींनीं तक्रार केली. तेव्हां दोघांनाही अधिक वजन उचलून पाहण्याची संधि देण्यांत आली. परंतु दोघांचेही प्रयत्न निष्फळ झाले, आणि निवाडा कायम राहिला. वजन समान, शक्ति समान. अंतर काय तें एका पावलाचें!

यापुढें एका हाताची स्पर्धा होती. एलियटनें ७१ किलोग्रॅम वजन उचलून ती जिंकली, व ऑलिंपिक खेळांत विजयी झालेला तो पहिला ब्रिटिश खेळाडू ठरला. येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. अधिक वजनाच्या प्रयत्नांत येन्सेनच्या खांद्यास इजा झाली होती, व त्यामुळें एका हाताच्या स्पर्धेंत त्याचें बळ कमी पडलें. म्हणून एलियटचा विजय खोटा ठरत नाहीं. पण आधींचा पराभव जसा केवळ दुर्बलतेचा नव्हता, तसा हा विजयही केवळ बळाचा नव्हता, असें कोणी म्हटल्यास तें अन्यायाचें होणार नाहीं.

त्याच खेळांत एलियट धांवला, दोरावर चढला, कुस्तीही खेळला. परंतु त्यांपैकीं एकांतही त्यास यश आलें नाहीं. कुस्तींत तर उंचीनें त्याच्याहून पुष्कळ लहान असलेल्या कार्ल शूमान या जर्मनानें त्यास पाडलें. त्या खेळांत सुवर्णपदक नव्हतें. विजयी पुरुषास रुप्याचें पदक व ऑलिव्हची डहाळी मिळे. अशा लवकर सुकणाऱ्या मानाचा दृष्टांत प्रेषित पौलानें त्याच ग्रीस देशांतील करिंथच्या मंडळीस दिला होता, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

१८९९ सालीं हौशी स्पर्धेंत एलियटनें चार नवे विक्रम केले. दुसऱ्या ऑलिंपिकांत, १९०० सालीं पॅरिस येथें, वजन उचलण्याचा खेळच नव्हता. म्हणून तो थाळीफेंकींत उतरला, पण मागें राहिला. पुढें १९०५ सालीं त्यानें हौशीपण सोडलें व नाट्यगृहांतून शक्तीचे प्रयोग करून तो चरितार्थ चालवूं लागला. खांद्यांवर आडवी दांडी, तिच्या दोन्ही टोकांस सायकलीवर बसलेला एकेक मनुष्य टांगलेला, आणि एलियट जागच्या जागीं गरगर फिरत आहे, असा त्याचा एक प्रयोग असे. ज्या पाऊलाच्या हलण्यानें त्याचा एक विजय हुकला, त्याच पावलांवर आतां लोक पैसे देऊन त्यास फिरतांना पाहत! यांत त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. पत्नी व मुली असलेल्या माणसाचा संसार ऑलिव्हच्या डहाळीवर चालत नाहीं. तथापि आज त्याचें नांव घेतलें जातें तें त्या कमाईच्या वर्षांसाठीं नव्हे, तर ज्या दिवशीं त्यास एक छदामही मिळाला नाहीं त्या दिवसासाठीं.

१९२३ सालीं तो ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें जाऊन राहिला. तेथेंच ८ ऑगस्ट १९३० रोजीं, पाठीच्या कण्याच्या कर्करोगानें, त्यास मरण आलें. ज्या पाठीनें तीन मण पेलले, तीच शेवटीं खचली.

आणखी एक योगायोग सांगून हें चरित्र संपवितों. विगो येन्सेनचा जन्म २२ जून १८७४ चा, म्हणजे एलियटहून तो अवघा तेरा दिवसांनीं धाकटा. आणि त्याचा मृत्यु २ नोव्हेंबर १९३० चा, म्हणजे एलियटच्या मागोमाग तीन महिन्यांच्या आंत. जन्माचें वर्ष एक, मरणाचें वर्ष एक, उचललेलें वजनही एक. अशा दोघांत श्रेष्ठ कोण हें वजनाच्या आंकड्यावरून कधींच ठरलें नसतें. तें ठरलें उचलण्याच्या रीतीवरून. गणिताच्या वहींत उत्तर बरोबर असूनही मास्तर गुण कां कापतात, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं कलादगीस जन्मलेल्या या मल्लाचें हललेलें पाऊल आठवावें. आणि गुण कापले गेल्यावर काय करावें हें कळत नसेल, तर त्यानें त्याच दिवशीं पुन्हां दांडीस हात घातला होता, हेंही आठवावें.