नवरा, मुलगा, नातू, जावई आणि शेवटी लेक... सगळे गेले, तरी लोक जिला आई म्हणत राहिले त्या अहिल्याबाईंची गोष्ट

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात नांदूरघाट नावाचं गाव आहे. इथून पश्चिमेला गेलं की जामखेड तालुक्यातलं चौंडी लागतं आणि पूर्वेला गेलं की परळी. चौंडीत अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. त्यामुळे या पट्ट्यात अहिल्याबाई हा पुस्तकातला धडा नाही, घरातल्याच कुणा थोरल्या बाईबद्दल बोलावं तसं लोक त्यांच्याबद्दल बोलतात.

लोकमाता, पुण्यश्लोक, देवी. ३१ मे आला की ही सगळी विशेषणं तुमच्या स्टेटसवर दिसतात. मंदिरं, घाट, बारवा यांची यादीही फिरते. पण ज्या बाईला अख्खा मुलूख आई म्हणायचा, ती स्वतःच्या घरात आई म्हणून आणि आजी म्हणून काय जगली, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

३१ मे १७२५ ला चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्याबाई जन्मल्या. १७३३ मध्ये, म्हणजे आठव्या वर्षी, मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या माळव्यात गेल्या. १७४५ मध्ये मुलगा झाला, मालेराव. तीन वर्षांनी मुलगी झाली, मुक्ताबाई.

१७५४ मध्ये मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आतल्या होत्या. मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची. त्या काळच्या चालीप्रमाणे अहिल्याबाई सती जायला निघाल्या.

त्यांना अडवलं सासऱ्यांनी. एकुलता एक मुलगा गमावलेल्या मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरला. आता तूच माझा मुलगा, असं त्यांचं म्हणणं होतं. अहिल्याबाई थांबल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मल्हाररावांनी सुनेला जगायला लावलं आणि पुढे तिला जगण्याचं कामही दिलं. ते मोहिमेवर असले की वसुली, हिशेब, फौजेला रसद हे सगळं अहिल्याबाई बघायच्या. १७६५ च्या एका पत्रात तर सासरेबुवा सुनेला तोफखान्याच्या बंदोबस्ताबद्दल सूचना देताना दिसतात. त्या काळात किती सासऱ्यांनी विधवा सुनेला असं पत्र लिहिलं असेल, विचार करा.

मुलगा गेला आणि अफवा उठली

मे १७६६ मध्ये मल्हारराव वारले. गादीवर मालेराव बसले. पण त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. अवघ्या काही महिन्यांत आजारी पडून १७६७ मध्ये तेही गेले. वय होतं बावीसच्या आसपास.

तुम्ही कदाचित ती गोष्ट ऐकली असेल. न्यायी अहिल्याबाईंनी गुन्हेगार मुलाला हत्तीच्या पायी दिलं, अशी. ऐकायला ती भारी वाटते, पण तिला आधार नाही. होळकरांचं राज्य इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आल्यावर सर जॉन माल्कम हा अधिकारी माळव्यात होता. आईनेच मुलाला मारलं ही कुजबुज त्याच्याही कानावर आली होती. त्याने अहिल्याबाईंना पाहिलेल्या माणसांकडे चौकशी केली आणि त्यात तथ्य नसल्याचं लिहिलं. १८२३ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथात ही आई मुलाच्या आजारपणात त्याच्या उशाशी बसलेली दिसते.

मुलाचं सुतक फिटतंय तोवर राज्यावर डोळा ठेवणारे हजर झाले. होळकरांचे कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घ्यायचा घाट घातला आणि राघोबादादांना पुढे केलं. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला, फौज सज्ज ठेवली आणि इतर सरदारांना पत्रं धाडली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आणि कारभार अहिल्याबाईंकडे, असं ठरलं. राजधानी झाली नर्मदेकाठचं महेश्वर.

पुढची २८ वर्षं हा कारभार चालला. रोज दरबार भरायचा आणि रयतेला थेट जाऊन गाऱ्हाणं मांडता यायचं. महेश्वरात विणकर आणून वसवले. आज आपण जी महेश्वरी साडी घेतो, तिचं मूळ तिथलं. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गया, वेरूळचं घृष्णेश्वर, परळी अशी कामं झाली. यातली बरीचशी ठिकाणं होळकरांच्या राज्याबाहेरची होती. यासाठी पैसा वापरला तो खासगीचा, म्हणजे होळकर घराण्यातल्या बायकांच्या स्वतंत्र उत्पन्नाचा.

माल्कमने एक किस्सा नोंदवलाय. एक श्रीमंत सावकार मूलबाळ नसताना वारला आणि तुकोजींची नजर त्याच्या संपत्तीवर गेली. त्याची विधवा महेश्वरला अहिल्याबाईंकडे धावली. अहिल्याबाईंनी तिलाच मालकीण ठरवलं आणि तुकोजींना तिथून तळ हलवायला सांगितलं.

आजीचा नातू

मुलगा गेल्यावर घरात उरली मुक्ताबाई. राज्यात चोर-लुटारूंचा उपद्रव होता. जो त्यांचा बंदोबस्त करेल त्याला लेक देईन, असं अहिल्याबाईंनी जाहीर केलं आणि यशवंतराव फणसे नावाच्या तरुणाने ते करून दाखवलं, असं सांगतात. मुक्ताबाईंचं लग्न त्यांच्याशी झालं. त्यांना मुलगा झाला, नथ्याबा. आजीचा सगळा जीव या नातवात.

पण १७९० च्या सुमारास तरुणपणीच नथ्याबा गेला. वर्षभरातच यशवंतराव फणसेही गेले. साल १७९१. आणि मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं.

३७ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी जे केलं होतं, तेच आता आईने केलं. माल्कम लिहितो की अहिल्याबाईंनी लेकीपुढे अक्षरशः लोळण घेतली, मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणून विनवलं. पण मुक्ताबाई ऐकेनात. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की तू आता म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत तूही जाशील. नवरा नाही, मुलगा नाही, मग मी कुणासाठी जगू?

सून थांबली होती, लेक थांबली नाही. अहिल्याबाईंपुढे दोन लहान लेकरं होती आणि सासऱ्यांनी हातात ठेवलेलं राज्य होतं. त्रेचाळिशीच्या मुक्ताबाईंना पुढे काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्याच्या विधवेला तिचा हक्क मिळवून देणारी राज्यकर्ती स्वतःच्या लेकीला चितेपासून मागे ओढू शकली नाही. ती चाल इतकी घट्ट होती. मुंबई इलाख्यात सतीबंदीचा कायदा यायला अजून ३९ वर्षं होती.

अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. आग लागल्यावर त्यांचा धीर सुटला, त्या किंचाळल्या. पुढचे तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही, कुणाशी बोलल्या नाहीत. मग लेकीच्या आठवणीसाठी महेश्वरात छत्री उभारायचं काम काढलं.

त्यानंतर त्या जवळपास चार वर्षं जगल्या. कारभार त्यांच्याच हातात होता. रोज गोरगरिबांना जेवण, उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी, थंडीत कपडे हे सुरूच होतं. १३ ऑगस्ट १७९५ ला सत्तराव्या वर्षी महेश्वरला त्यांनी डोळे मिटले.

त्यांच्या पोटच्या मुलांपैकी मागे कुणीच उरलं नव्हतं. नातूही नव्हता.

२०२४ मध्ये अहमदनगरचं नाव अहिल्यानगर झालं. चौंडीत दर ३१ मेला गावोगावचे लोक जमतात. त्यात नातवंडांना बोटाला धरून आलेल्या म्हाताऱ्या आज्याही असतात. पुढच्या वेळी मंदिरांची यादी शेअर करताना नथ्याबाची ही आजीसुद्धा आठवा.