जिन्याखालचा ठेका

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची एक जुनी तीन मजली वास्तू आहे. १७९५ मध्ये ती बांधली गेली ती निराधार गोरगरिबांना आसरा आणि काम देण्यासाठी. १९७०-७१च्या कडाक्याच्या हिवाळ्यात या ओलसर, थंडगार घरात चार तरुण वादक मुक्कामाला आले. बाहेर आवारात ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवलेली एक मोठी गाडी उभी होती. दुसऱ्या एका प्रसिद्ध बँडकडून, रोलिंग स्टोन्सकडून, ती भाड्याने घेतली होती. एके दिवशी ड्रमचा नवा कोरा संच आला आणि तो आतल्या खोलीऐवजी प्रवेशद्वाराजवळच्या दिवाणखान्यात, उंच जिन्याच्या तळाशी मांडला गेला. ड्रमवादक त्यामागे बसला, त्याने हात सैल करण्यासाठी दोन-चार ठोके दिले आणि तीन मजल्यांचा तो रिकामा जिना घुमू लागला.

तो वादक होता जॉन बॉनहम. त्याच्या बँडचे नाव लेड झेपेलिन. त्या जिन्याखाली मुद्रित झालेला ठेका हार्ड रॉकच्या इतिहासातला बहुधा सर्वाधिक परिचित आणि सर्वाधिक उसना घेतला गेलेला ठेका ठरला. तो वाजवणारा मात्र त्यानंतर दहा वर्षेही जगला नाही.

जॉन हेन्री बॉनहमचा जन्म ३१ मे १९४८ रोजी वूस्टरशायरमधील रेडिच या गावी झाला. वडील सुतारकामात आणि बांधकामाच्या व्यवसायात होते. पाचव्या वर्षीच हा मुलगा घरातले डबे, कॉफीचे रिकामे टिन पालथे घालून त्यांच्यावर ताल धरू लागला. जीन क्रुपा आणि बडी रिच हे अमेरिकन जाझमधले दिग्गज ड्रमवादक त्याची दैवते होती. दहाव्या वर्षी आईने त्याला एक ड्रम आणून दिला. पूर्ण संच मिळायला पंधरावे वर्ष उजाडावे लागले. शिकवणी अशी त्याने कधी घेतली नाही. परिसरातल्या वादकांना विचारून, रेकॉर्ड ऐकून आणि स्वतः झगडून तो शिकला. १९६४ मध्ये शाळा सोडल्यावर तो वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकू लागला. दिवसा लाकूड, रात्री ड्रम असा दिनक्रम सुरू झाला.

लग्न लवकर झाले, १९६६ मध्ये मुलगा जेसन जन्मला. घर म्हणजे चाकांवरचे एक छोटे कॅरॅव्हॅन. लग्नाच्या वेळी वादन सोडण्याचे वचन त्याने पत्नीला दिले होते, असे सांगितले जाते. ते पाळणे त्याला जमले नाही. बर्मिंगहॅमच्या आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात तेव्हा छोट्या-मोठ्या बँडचे पेव फुटले होते. बॉनहम एकातून दुसऱ्यात जात राहिला. त्याचे वादन इतके दणदणीत होते, की काही ठिकाणी मालकांनाच ते सहन होत नसे. याच भटकंतीत रॉबर्ट प्लांट हा त्याच भागातला गायक त्याला भेटला. दोघांनी बँड ऑफ जॉय या बँडमध्ये एकत्र काम केले.

१९६८ च्या उन्हाळ्यात लंडनचा गिटारवादक जिमी पेज नव्या बँडची जुळवाजुळव करत होता. गायक म्हणून प्लांट ठरला आणि त्याने बॉनहमचे नाव सुचवले. पेज आणि व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी लंडनमध्ये त्याचे वादन ऐकले व तिथेच निर्णय घेतला. बॉनहम मात्र तयार नव्हता. त्या वेळी तो टिम रोझ या अमेरिकन गायकाच्या साथीला होता, जो कॉकर आणि क्रिस फार्लो या नावाजलेल्या गायकांकडूनही विचारणा होत होती. बायको-मुलाचा संसार अंगावर असताना, ज्या बँडला अजून नावही नाही त्यात उडी का घ्यायची, हा त्याचा सवाल रास्त होता. त्याच्या घरी फोन नव्हता. मग वॉल्सॉलमधल्या त्याच्या नेहमीच्या मद्यगृहाच्या पत्त्यावर तारांचा पाऊस पडला. एकट्या ग्रँटनेच चाळीस तारा पाठवल्याचे सांगतात. अखेर तो तयार झाला. सांगायचे कारण त्याने साधेच ठेवले होते: इतरांपेक्षा यांचे संगीत त्याला अधिक आवडले होते.

ऑगस्ट १९६८ मध्ये लंडनमधल्या एका तळघरात पेज, प्लांट, बॉनहम आणि बेस गिटार व कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स असे चौघे प्रथमच एकत्र वाजले. जानेवारी १९६९ मध्ये पहिली तबकडी आली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दुसरी. अमेरिकेच्या दौऱ्यावर व्हॅनिला फज या बँडचा ड्रमवादक कार्माइन ॲपिस याच्या सांगण्यावरून बॉनहमला लुडविग कंपनीचे ड्रम मिळाले. त्यातला पायाने वाजवायचा ड्रम तब्बल २६ इंचांचा होता. ड्रमचा आवाज कोंडला जाऊ नये म्हणून तो कातडे ताणून बसवी आणि आत कापडाचे बोळे भरणे टाळी. रंगमंचावर ‘मोबी डिक’ या रचनेत तो काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनी वाजवी. कधी कधी हे एकलवादन वीस मिनिटांच्याही पुढे जाई.

तिसऱ्या तबकडीत बँडने लोकसंगीताकडे झुकणारी हळुवार गाणी दिली आणि समीक्षकांनी नाके मुरडली. त्यामुळे चौथ्या तबकडीकडे साऱ्यांचे डोळे लागले होते. या चौघांनी उत्तर दिले ते नाव पुसून. ८ नोव्हेंबर १९७१ रोजी आलेल्या तबकडीच्या मुखपृष्ठावर ना तिचे नाव होते, ना बँडचे. पोपडे आलेल्या भिंतीवर टांगलेली एक तसबीर आणि तिच्यात पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला एक वाकलेला म्हातारा, एवढेच. ही तसबीर प्लांटला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली होती. तो म्हातारा कोण, हे कोडे २०२३ मध्ये उलगडले. एका ब्रिटिश संशोधकाला १८९२ मध्ये काढलेले मूळ छायाचित्र एका जुन्या संग्रहात सापडले. तो विल्टशायरमधला छपरे शाकारणारा कारागीर लॉट लाँग होता. आतल्या बाजूस चौघांसाठी चार चिन्हे होती. बॉनहमचे चिन्ह म्हणजे एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे. बिअरच्या एका अमेरिकन छापाचे बोधचिन्हही तसेच होते. मित्रांना त्यावरून चेष्टेला विषय मिळाला. पुढे त्या चेष्टेतली गंमत उरली नाही.

तबकडीच्या दोन बाजूंवर मिळून आठ गाणी आहेत. बॉनहमची ख्याती बेफाम ताकदीची. पण ही तबकडी नीट ऐकली तर त्याच्या संयमाचे नवल वाटते. आठपैकी दोन गाण्यांत तो अजिबात वाजवत नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’ हे पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे आठ मिनिटांचे. त्यात चार मिनिटे उलटून गेल्यावर ड्रम येतो. तोवर गिटार, बासरीसारखे सूर आणि प्लांटचा स्वर यांनी जमवलेली शांतता तो मोडत नाही. आणि आला, की गाण्याचे पाऊलच बदलते. कुठे यायचे याइतकेच कुठे यायचे नाही, हे त्याला कळत होते.

दुसऱ्या बाजूवरच्या ‘फोर स्टिक्स’मध्ये पाच आणि सहा मात्रांचे तुकडे आलटून पालटून येतात. गाणे काही केल्या बसेना. वैतागलेल्या बॉनहमने मध्येच लिटल रिचर्डच्या एका जुन्या गाण्याची सुरुवात वाजवून टाकली, पेजने त्यावर गिटार धरली आणि अर्ध्या तासाच्या आत ‘रॉक अँड रोल’ या दुसऱ्याच गाण्याचा सांगाडा उभा राहिला. अडलेले गाणे पुढे मार्गी लागले ते बॉनहमने दोन्ही हातांत दोन-दोन अशा चार काठ्या घेतल्यावर. गाण्याचे नावही त्यावरूनच पडले. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले असताना त्यांनी इथल्या वादकांना घेऊन हेच गाणे पुन्हा मुद्रित केले. बॉनहम त्यात नव्हता. त्याच्या चार काठ्यांचे काम भारतीय तालवाद्यांकडे गेले. हे मुद्रण २०१५ पर्यंत अप्रकाशित राहिले.

तबकडीचा शेवट ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ने होतो. मूळ गाणे कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंत दांपत्याचे, १९२९ सालचे. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीने बांध फोडून जो हाहाकार माजवला, त्याची ती कैफियत. लेड झेपेलिनचा त्यावरचा आधीचा प्रयत्न मनासारखा उतरला नव्हता. जिन्याखालचा नाद ऐकल्यावर सारे चित्र पालटले. एकेका ड्रमसमोर मायक्रोफोन ठेवण्याची रूढ पद्धत ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने बाजूला सारली. त्याने केवळ दोन मायक्रोफोन वर जिन्यावरून खाली सोडले. त्यांनी टिपलेला आवाज चढउतार आवळून धरणाऱ्या यंत्रातून आणि प्रतिध्वनी देणाऱ्या एका इटालियन यंत्रातून नेला. पुढे टेपचा वेगही किंचित कमी केला गेला. सात मिनिटांच्या या गाण्यात बॉनहमचा ठेका अत्यंत साधा आहे. त्यात हातचलाखी नाही, घाई तर मुळीच नाही. दोन ठोक्यांमधल्या जागेत घर घुमते आणि तो ते घुमू देतो. फुगत येणाऱ्या नदीची चाल त्या ठेक्याला आहे.

तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. एकट्या अमेरिकेत तिच्या दोन कोटी ३० लाखांहून अधिक प्रतींची नोंद झाली. बॉनहमकडे पैसा आला. वूस्टरशायरमध्ये त्याने शेत घेतले, जातिवंत गुरे पाळली, वेगवान मोटारींचा शौक केला. या शेतावर लहानग्या जेसनला ड्रम वाजवताना तो कौतुकाने पाहतो, असे दृश्य १९७६ च्या ‘द साँग रिमेन्स द सेम’ या चित्रपटात आहे.

हा माणूस खरे तर घरात रमणारा होता. महिनोन्महिने चालणारे दौरे त्याला खात. विमानप्रवासाची त्याला धास्ती होती. घराची ओढ आणि ती धास्ती तो दारूत बुडवी, आणि प्यायला की त्याचा स्वभावच बदले. जुलै १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे कार्यक्रमाच्या आयोजकांच्या कर्मचाऱ्यांना मारहाण झाली. त्या प्रकरणात बॉनहम आणि ग्रँटसह चौघांना अटक झाली. पुढे त्यांना दंड व स्थगित शिक्षा झाली. त्या घटनेला पुरते चार दिवसही लोटले नसतील, तोच प्लांटचा लहान मुलगा आजाराने दगावल्याची बातमी आली आणि दौरा तिथेच संपला. त्या दुःखाच्या काळात प्लांटला सोबत केली ती बॉनहमनेच. मारामारी करणारा आणि मित्राशेजारी बसून राहणारा, हे दोघे एकच होते.

जून १९८० मध्ये न्युरेम्बर्ग येथे तिसऱ्या गाण्यानंतर तो कोसळला आणि कार्यक्रम थांबवावा लागला. ७ जुलै १९८० रोजी बर्लिनमध्ये बँड शेवटचा वाजला. ऑक्टोबरात अमेरिकेचा मोठा दौरा ठरला होता. त्याच्या तालमीसाठी २४ सप्टेंबर रोजी निघालेल्या बॉनहमने सकाळीच व्होडका प्यायला सुरुवात केली आणि दिवसभर ती सुरूच ठेवली. रात्री सारे विंडसरजवळच्या पेजच्या घरी उतरले. शुद्ध हरपलेल्या बॉनहमला झोपवण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २५ सप्टेंबरला, जोन्स त्याला उठवायला गेला तेव्हा तो मरण पावलेला होता. झोपेतच उलटी होऊन त्याचा श्वास कोंडला होता. चोवीस तासांत त्याने व्होडकाची सुमारे चाळीस मापे रिचवली होती. चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. वय अवघे ३२.

अशा वेळी व्यवसायाचा नियम ठरलेला असतो: दुसरा वादक घ्यायचा आणि दौरा पुढे न्यायचा. नावेही चर्चेत होती. पण ४ डिसेंबर १९८० रोजी उरलेल्या तिघांनी बँड थांबवल्याचे जाहीर केले. जगातल्या सर्वाधिक खपाच्या बँडपैकी एक, ड्रमवादक गेला म्हणून बंद झाला. १९८५ च्या लाइव्ह एड कार्यक्रमात दोन नामांकित ड्रमवादकांना घेऊन तिघे एकत्र आले. तो प्रयोग इतका फसला, की पुढे त्याचे चित्रण प्रसिद्ध करण्यासही त्यांनी नकार दिला.

जिन्याखालचा ठेका मात्र निराळ्याच वाटांनी निघाला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बीस्टी बॉइज या रॅप बँडने तो तबकडीवरून जसाच्या तसा उचलून आपल्या पहिल्या अल्बमच्या आरंभी वापरला. त्यानंतर डॉक्टर ड्रे, एनिग्मा, मॅसिव्ह अटॅक यांनी तो आपापल्या गाण्यांत घेतला. ज्यांनी लेड झेपेलिनचे नाव ऐकले नव्हते, त्यांच्याही पायांनी त्या ठेक्याला दाद दिली. मोठ्या, घुमणाऱ्या जागेत दूर मायक्रोफोन ठेवून ड्रम मुद्रित करण्याची रीत स्टुडिओंमध्ये रुळली ती याच गाण्याच्या प्रभावातून.

१० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनात लेड झेपेलिनचा पूर्ण कार्यक्रम पुन्हा एकदा झाला. ड्रमवर जेसन बॉनहम होता, वडील गेले तेव्हा अवघ्या चौदा वर्षांचा असलेला. त्या एका रात्रीनंतर दौरा झाला नाही. ३१ मे २०१८ रोजी, सत्तराव्या जन्मदिनी, रेडिचच्या चौकात जॉन बॉनहमचे कांस्यशिल्प उभे राहिले. जेमतेम एका तपाची कारकीर्द लाभलेल्या, सुताराच्या हाताखाली शिकलेल्या आपल्या मुलाला गावाने शिल्पात बसवले ते ड्रममागेच.