Explained : गोरोबाकाकांची थापटी नेमकं काय तपासत होती? जाणून घ्या संत गोरा कुंभार यांचं आयुष्य

उन्हाळा लागला की नागपूर, कामठी, कन्हान भागात माठ घेणारा माणूस आधी त्यावर टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर कच्चा किंवा तडा गेलेला. साधारण 700 वर्षांपूर्वी एका कुंभाराने हीच परीक्षा माणसांवर केली, अशी कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. ते कुंभार म्हणजे संत गोरा कुंभार.

कोण होते गोरोबाकाका?

धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचं तेर हे त्यांचं गाव. परंपरेनुसार त्यांचा काळ 1267 ते 1317 असा मानला जातो. ज्ञानेश्वर, नामदेव यांच्या पिढीतल्या संतांमध्ये ते वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना 'काका' म्हणत. त्यांचे मोजकेच अभंग आज उपलब्ध आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणाऱ्या या नगरीतल्या भाजक्या मातीच्या मूर्ती आजही गावातल्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात.

चिखल तुडवताना काय घडलं?

मडकी घडवण्याआधी माती भिजवून पायाने तुडवावी लागते. त्यामुळे पाणी सगळीकडे सारखं मुरतं, आत अडकलेली हवा निघून जाते आणि खडा पायाला लागतो. हे काम तासन् तास चालतं. कथेनुसार, नामस्मरणात बुडालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचं रांगतं मूल आलं आणि चिखलात तुडवलं गेलं. त्यातून पत्नीशी दुरावा आला. पुढे शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हात आणि मूल दोन्ही परत मिळाले, असा या कथेचा शेवट आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. कुंभाराचं पोट हातांवर चालतं आणि या कथेत त्याने हातच गमावले होते.

थापटीची परीक्षा काय होती?

थापटी म्हणजे लाकडी फळी. चाकावरून उतरवलेलं मडकं थोडं सुकलं की आतून आधार देऊन बाहेरून थापटीने ठोकतात. त्याने मडक्याची भिंत पातळ आणि घट्ट होते.

संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी या थापटीविषयी विचारलं आणि जमलेल्यांपैकी कोण कच्चं, ते तपासायला सांगितलं, अशी कथा आहे. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी त्यांनाच कच्चं ठरवलं. विठ्ठलाचे लाडके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नामदेवांना हे फार लागलं.

कच्चं म्हणजे वाया गेलेलं का?

नाही. सुकलेलं पण न भाजलेलं मडकं पाण्यात टाकलं तर विरघळतं आणि त्याच मातीतून पुन्हा नवं घडवता येतं. आव्यात साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसला मातीच्या कणांशी रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती पुन्हा चिखल होत नाही. छंद म्हणून सिरॅमिक मग घडवणारेही हेच अनुभवतात. पहिल्या भाजणीआधी मगचा आकार बदलता येतो, नंतर नाही. ओलसर मग घाईने भट्टीत ठेवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो.

पुढे नामदेवांचं काय झालं?

ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केलं. म्हणजे गोरोबांच्या निकालाने नामदेव बाद झाले नाहीत, त्यांची भाजणी तेवढी बाकी आहे हे कळलं.

समाधी कुठे आहे?

गोरोबांची समाधी तेरमध्येच आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी पाळली जाते.