बॅटरी संपत आली की हे यांत्रिक कासव स्वतःहून घरी जायचं, आणि ते साल होतं १९४९

घरभर फिरून झाडू मारणारा रोबोट तुम्ही पाहिला असेलच. घरी नसेल तर एखाद्या रीलमध्ये तरी. चार्जिंग संपत आलं की हा गडी काम अर्धवट टाकतो आणि गुपचूप आपल्या डॉकवर जाऊन बसतो. आपल्याला वाटतं, ही सगळी चिप आणि सॉफ्टवेअरची करामत.

पण मायक्रोचिपचा जन्मही झाला नव्हता तेव्हा इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एका माणसानं हेच करून दाखवलं होतं. त्याचं नाव विल्यम ग्रे वॉल्टर. गंमत म्हणजे तो रोबोटवाला नव्हताच, त्याचा धंदा होता माणसाचा मेंदू.

वॉल्टरचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. तो लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला आलं. पुढे केंब्रिजला शिकला, पण तिथली फेलोशिप काही मिळाली नाही. मग लंडनच्या मॉडस्ले हॉस्पिटलमध्ये त्यानं ईईजीवर काम सुरू केलं. ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उमटवायचं तंत्र. ते शोधलं जर्मनीच्या हान्स बर्गरनं. वॉल्टर त्याला भेटूनही आला आणि परत येऊन स्वतःची यंत्रं बांधायला लागला. १९३६ मध्ये त्यानं दाखवून दिलं की मेंदूत गाठ असेल तर तिच्या आसपासच्या लहरी संथ होतात, म्हणजे कवटी न उघडता गाठ कुठं आहे हे सांगता येतं. एवढ्यावरही त्याचं नाव इतिहासात राहिलं असतं.

१९३९ मध्ये तो ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि तिथंच रमला. पण एक प्रश्न त्याला सोडत नव्हता. मेंदूत अब्जावधी पेशी असतात. जिवंत प्राण्यासारखं वागायला खरंच इतक्या लागतात का? की दोन-चार पेशी नीट जोडल्या तरी काम होईल?

मग त्यानं दोनच ‘पेशी’ घेतल्या. म्हणजे दोन व्हॉल्व्ह, आजोबांच्या जुन्या रेडिओत असायचे तसे. युद्धानंतर स्वस्तात मिळणारं सामान, जुन्या घड्याळांची चक्रं, तीन चाकं, दोन मोटर, उजेड ओळखणारा एक डोळा, धक्का लागला की कळावं म्हणून पाठीवर कवच. बॅटऱ्या दोन: एक ६ व्होल्टची, पुन्हा चार्ज होणारी, आणि दुसरी कानाच्या मशीनला लागते तसली. १९४८-४९ मध्ये अशी दोन कासवं तयार झाली, एल्मर आणि एल्सी. या कामात त्याला साथ होती सहकारी आणि पत्नी व्हिव्हियन डोव्ही हिची.

कासव खोलीत उजेड शोधत फिरायचं. मध्यम उजेड दिसला की तिकडे वळायचं. फार प्रखर उजेड समोर आला की तोंड फिरवायचं. धडकलं तर ढकलत, वळत वाट काढायचं. खोलीच्या कोपऱ्यात त्याचं खुराडं होतं. आत चार्जर आणि एक प्रखर दिवा.

खरी मजा पुढे आहे. बॅटरी भरलेली असताना कासव लांबून त्या दिव्याकडे यायचं, पण जवळ आलं की उजेड डोळ्यात खुपायचा आणि ते मागे वळायचं. बॅटरी उतरू लागली की व्हॉल्व्हची ताकद कमी व्हायची, डोळा मंद व्हायचा. मग तोच दिवा त्याला मध्यम वाटायचा, आणि कासव थेट खुराड्यात शिरायचं. बॅटरी मोजणारं वेगळं मीटर नव्हतंच. उतरलेल्या बॅटरीनं आलेला अशक्तपणा हाच घरी चल म्हणून इशारा. मला तरी हे आजच्या कुठल्याही अॅपपेक्षा हुशार वाटतं.

आत शिरून चार्जरचा स्पर्श झाला की मोटर आणि डोळा आपोआप बंद. चार्ज होताना धडपड नको, वीज वाया जायला नको. बॅटरी भरली की सगळं पुन्हा जोडलं जायचं, दिवा पुन्हा डोळ्यात खुपायचा आणि कासव बाहेर.

तुमच्यापैकी कुणी घरी छोटा रोबोट बनवत असेल तर हा प्रश्न ओळखीचा वाटेल. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जातो. त्या एका आकड्यावर विश्वास ठेवला तर रोबोट अर्धी बॅटरी शिल्लक असताना झोपतो. दुर्लक्ष केलं तर चालता चालता वीज जाते आणि आतल्या छोट्या कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. म्हणून बॅटरी तपासायची ती रोबोट टेबलावर गप्प उभा असताना नाही, तर चाकं फिरत असताना. दर काही मिनिटांनी व्होल्टेज लिहून ठेवा, काही सेकंदांची सरासरी घ्या. आधी कॉम्प्युटर नीट बंद होऊ द्या, मगच वीज तोडा. लिथियमचा सेल तर ३ व्होल्टच्या खाली नेऊच नका. लिथियम असो की जुनी लेड-अॅसिड, पार रिकामी केलेली बॅटरी लवकर मरते.

परत वॉल्टरकडे. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी इन्स्टिट्यूटमधल्या बनी वॉरन या तंत्रज्ञानं आणखी सहा कासवं बांधली. १९५३ मध्ये वॉल्टरचं ‘द लिव्हिंग ब्रेन’ हे पुस्तक आलं. ते पुढे ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या एका पोराच्या हाती पडलं. त्यानं ट्रान्झिस्टर वापरून स्वतःचं कासव बनवलं, नाव ठेवलं नॉर्मन. त्या पोराचं नाव रॉडनी ब्रूक्स. २००२ मध्ये रूम्बा बाजारात आणणाऱ्या कंपनीचा तो एक संस्थापक.

वॉल्टर मात्र मेंदूकडेच परतला होता. माणूस एखाद्या इशाऱ्याची वाट पाहत असताना मेंदूत एक संथ लहर उठते, हे त्यानं १९६४ मध्ये दाखवलं.

१९७० मध्ये तो स्कूटरवरून जात असताना सुटलेल्या घोड्याशी टक्कर झाली. वय साठ. डोक्याला जबर मार बसला, एका डोळ्याची दृष्टी गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेंदूतल्या जखमा शोधणाऱ्या माणसाचा स्वतःचाच मेंदू जखमी झाला. तो वाचला, पण पूर्वीचा वॉल्टर काही परत आला नाही. १९७७ मध्ये त्याचं निधन झालं.

वॉरननं बांधलेल्या कासवांपैकी एक १९९५ मध्ये सापडलं. ते दुरुस्त करून पुन्हा चालवलंही गेलं. आता ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.