सशाच्या गोष्टींचा लेखनिक : जोएल चँडलर हॅरिस

१८८२ सालची गोष्ट. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात जॉर्ज केबल या कादंबरीकाराच्या घरी मुलांची गर्दी जमली होती. अंकल रीमस येणार, अशी वार्ता मुलांमध्ये पसरली होती. अंकल रीमस म्हणजे ससा आणि कोल्हा यांच्या गोष्टी सांगणारा पांढऱ्या केसांचा काळा म्हातारा. प्रत्यक्षात पाहुणा आला तो ठेंगणा, लाल केसांचा, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके असलेला आणि चक्क गोरा! मुलांचे चेहरे उतरले. निदान एखादी गोष्ट तरी वाचून दाखवावी, म्हणून सर्वांनी गळ घातली. पण पाहुणा इतका लाजाळू की त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तेथे हजर असलेल्या मार्क ट्वेनने आणि केबलने त्या गोष्टी वाचल्या. ट्वेनने हा प्रसंग आपल्या मिसिसिपी नदीवरील पुस्तकात नोंदवून ठेवला आहे.

तो पाहुणा म्हणजे जोएल चँडलर हॅरिस. मुलांना पडलेला प्रश्न साधा होता. गोष्टी काळ्या माणसाच्या, मग हा गोरा माणूस कोण? अमेरिकन साहित्यात हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

हॅरिसचा जन्म जॉर्जिया राज्यातील ईटन्टन या लहान गावी ९ डिसेंबरला झाला. साल काही जण १८४५ धरतात, काही जण १८४८. आई मेरी अॅन हॅरिस हिचे लग्न झालेले नव्हते आणि बाप मूल जन्मताच निघून गेला. गावातील डॉक्टर अँड्र्यू रीड यांनी आपल्या वाड्यामागील छोटे घर या मायलेकरांना राहायला दिले आणि पुढे मुलाच्या शाळेची फीही भरली. आई शिवणकाम करून पोट भरी आणि रात्री मुलाला इंग्रजी कादंबऱ्या वाचून दाखवी. बापाचे नाव नाही, केस लाल, अंग खुजे, त्यात बोलताना जीभ अडखळायची. असा मुलगा चारचौघांत मागेच उभा राहणार. आयुष्यभर तो मागेच उभा राहिला.

१८६२ मध्ये, म्हणजे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना, गावापासून काही मैलांवर असलेल्या टर्नवोल्ड नावाच्या मळ्याचे मालक जोसेफ अॅडिसन टर्नर यांनी ‘द कंट्रीमन’ हे साप्ताहिक काढले. छापखान्यासाठी एक होतकरू मुलगा पाहिजे, अशी जाहिरात त्यात आली होती. पोरवयातल्या हॅरिसने अर्ज केला आणि नोकरी मिळाली. मळ्याच्या मधोमध छापखाना! दिवसभर खिळे जुळवायचे आणि फावल्या वेळी मालकाच्या मोठ्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके वाचायची. मधूनमधून हा पोऱ्या स्वतःच्याच चार ओळी खिळ्यांत जुळवून अंकात घुसडून देई. मालकाच्या ते ध्यानात आले. पण रागावण्याऐवजी त्यांनी त्याला लिहायला शिकवले.

मात्र त्याची खरी शाळा संध्याकाळी भरे, गुलामांच्या खोपटांत. जॉर्ज टेरेल, ओल्ड हार्बर्ट आणि आंट क्रिसी या तिघांची नावे सांगितली जातात. चुलीपाशी बसून ते गोष्टी सांगत आणि हा मुलगा ऐके. गोऱ्या मुलांत तो बुजायचा. तेथे मात्र त्याला परके वाटत नसे. तरीही हे विसरून चालणार नाही की ऐकणारा घरी जायला मोकळा होता आणि सांगणारे मालकाची मालमत्ता होते.

गोष्टींचा नायक ब्रेर रॅबिट. ब्रेर म्हणजे ब्रदर, भाऊ. ससेभाऊ अंगाने दुबळे. पण कोल्हा, लांडगा, अस्वल यांना बुद्धीने पाणी पाजणारे. डांबराच्या बाहुलीची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध आहे. कोल्हा डांबर आणि टर्पेंटाइन कालवून एक बाहुली बनवतो आणि रस्त्याच्या कडेला बसवतो. ससेभाऊ येतात, रामराम करतात. बाहुली बोलत नाही. एवढी घमेंड! म्हणून ससेभाऊ एक ठोसा लगावतात, तो हात चिकटतो. मग दुसरा हात, मग पाय, शेवटी डोके. कोल्हा हसत पुढे येतो. तेव्हा ससेभाऊ गयावया करतात की मला भाज, फाशी दे, बुडव, सोलून काढ; पण त्या काटेरी जाळीत तेवढा टाकू नकोस. कोल्हा मुद्दाम तेथेच टाकतो. ससेभाऊ जन्मले आणि वाढले ते त्याच जाळीत! सुटका होते.

गुलामांच्या मुखी ही गोष्ट का रुजली, हे सांगायला टीकाकार कशाला हवा? ज्याच्या हाती चाबूक आहे त्याच्यापुढे उघड लढता येत नाही. डोके चालवावे लागते आणि मुकाट्याने हसावे लागते. हा ससा काही सज्जन नाही. तो खोटे बोलतो, चोरी करतो, प्रसंगी दुसऱ्याचा जीवही घेतो. ज्यांनी तो घडवला त्यांना सज्जनपणा परवडणारा नव्हता.

या गोष्टी आल्या कोठून? पश्चिम आफ्रिकेत अनान्सी नावाच्या कोळ्याच्या आणि चतुर सशाच्या कथा आजही सांगतात. फ्लॉरेन्स बेअर या विदुषीने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॅरिसच्या सुमारे दोन-तृतीयांश कथांचे मूळ आफ्रिकेत दाखवले. आपल्याला नवल वाटेल ते पुढेच आहे. डांबराच्या बाहुलीचे नाते काही अभ्यासकांनी थेट आपल्या जातककथांशी जोडले. पंचावुध जातकात राजकुमार चिकट केसांच्या यक्षाशी लढतो. त्याची शस्त्रे यक्षाच्या केसांना चिकटतात, मग हात, पाय आणि डोकेही. ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी या कथेची अडीचशेहून अधिक रूपे जमवून मूळ भारतात असल्याचे मत मांडले. सर्वांना ते पटले नाही. मलाही निकाल देता येणार नाही.

१८६४ च्या अखेरीस जनरल शर्मनचे सैन्य टर्नवोल्डवरून गेले. पुढच्या वर्षी युद्ध संपले आणि गुलाम मुक्त झाले. १८६६ मध्ये साप्ताहिक बंद पडले. मग मेकन, न्यू ऑर्लिन्स, फॉर्सिथ, सव्हाना अशा गावोगावच्या वृत्तपत्रांत हॅरिसने नोकऱ्या केल्या. १८७३ मध्ये एस्थर लारोझ हिच्याशी त्याचा विवाह झाला. १८७६ मध्ये सव्हानात पीतज्वराची साथ आली, तेव्हा बायकामुलांना घेऊन तो अॅटलांटाला गेला आणि ‘अॅटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या पत्रात लागला. तेथे तो जवळजवळ पंचवीस वर्षे, १९०० पर्यंत राहिला.

याच पत्रात जागा भरण्यासाठी लिहिलेल्या छोट्या मजकुरातून अंकल रीमस हे पात्र जन्मले. १८७९ च्या जुलैत पहिली ससा-कोल्ह्याची गोष्ट छापली गेली आणि १८८० च्या अखेरीस पहिले पुस्तक निघाले. चार महिन्यांत दहा हजार प्रती खपल्या. हॅरिसला स्वतःला आपण लेखक आहोत असे कधी वाटले नाही. आपण केवळ जमवणारे, असे तो म्हणे. एका परीने ते खरेच होते. अनेकांना पत्रे पाठवून तो गोष्टींची रूपे ताडून पाही.

त्याच्या चरित्रातील मला सर्वांत आवडलेला प्रसंग १८८२ च्या उन्हाळ्यातील आहे. नॉरक्रॉस या छोट्या स्टेशनवर तो रात्री गाडीची वाट पाहत होता. फलाटावर रेल्वेचे काळे मजूर घोळक्याने बसले होते. हॅरिस त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि हळू आवाजात त्याने डांबराच्या बाहुलीची गोष्ट सुरू केली. हशा पिकला. मग मजुरांतला एक सरसावला, मग दुसरा. अंधारात दोन तास चढाओढीने गोष्टी रंगल्या. केबलच्या घरी मुलांसमोर ज्याला चार ओळी वाचता आल्या नाहीत, तो येथे अनोळखी मजुरांत बोलू शकला! माणसाची जीभ कोठे मोकळी होते, कोण जाणे. मात्र पुढच्या वर्षी दुसरे पुस्तक निघाले, तेव्हा वेष्टनावर नाव एकट्या हॅरिसचे होते.

वादाचे मूळ येथे आहे. गोष्टी गुलामांच्या, पण त्यांच्याभोवतीची चौकट हॅरिसची. त्या चौकटीत एक समाधानी म्हातारा मालकाच्या घराण्यातील गोऱ्या मुलाला गोष्टी सांगतो आणि जुने दिवस किती छान होते म्हणून हळहळतो. त्याला ‘अंकल’ म्हणतात, तेही नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला काका म्हणणे हा मान आहे. तेथे काळ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणावे लागू नये, म्हणून ‘अंकल’ होते. हॅरिसने अग्रलेखांतून झुंडीने होणाऱ्या हत्यांचा निषेध केला, काळ्यांच्या शिक्षणाची बाजू घेतली. पण मालक प्रेमळ आणि गुलाम सुखी, हे चित्र त्याच्या मनातून गेले नाही.

३ जुलै १९०८ रोजी अॅटलांटात तो वारला. वाद मात्र वाढतच गेला. जेम्स वेल्डन जॉन्सन या कृष्णवर्णीय कवीने या कथांना अमेरिकेतील सर्वांत थोर लोकसाहित्य मानले. १९२५ मध्ये आर्थर हफ फॉसेट याने हे अस्सल लोकसाहित्यच नव्हे, असा आक्षेप घेतला. १९४६ मध्ये डिस्नेने ‘साँग ऑफ द साउथ’ हा चित्रपट काढला आणि त्याविरुद्ध निषेध झाला. रीमसचे काम करणारा जेम्स बास्केट अॅटलांटातील पहिल्या खेळाला जाऊ शकला नाही. त्या शहरात तेव्हा वर्णभेद पाळला जात होता. कादंबरीकार अॅलिस वॉकर हॅरिसच्याच ईटन्टन गावची. १९८१ मध्ये तिने लिहिले की या माणसाने आपला वारसा चोरला आणि तो चोरला म्हणजे आपल्याला त्याची लाज वाटायला लावली.

हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजीला अक्षरओळख नाही; पण तिच्या गोष्टींना अंत नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांतल्या सतरा गोष्टी वहीत उतरवल्या. बोलीतले शब्द ‘शुद्ध’ केले आणि वहीवर ऐटीत स्वतःचे नाव घातले. महाभारत गणपतीने लिहून घेतले, तरी ते व्यासांचेच राहिले, हे मला तेव्हा कोणी आठवून दिले नाही. हॅरिसला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याने लिहिले नसते तर कितीतरी गोष्टी हरवल्या असत्या. पण अॅलिस वॉकर खोटे बोलते, असेही मला म्हणवत नाही.

१९८७ मध्ये ज्युलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकाने त्याच कथा नव्याने सांगितल्या. म्हाताऱ्याचे पात्र आणि तो गोरा मुलगा त्याने वगळले. भाषा आजच्या बोलण्यातली घेतली. ससा तेवढा ठेवला. ईटन्टनच्या न्यायालयासमोर त्या सशाचा रंगवलेला पुतळा आहे. माझ्या वहीचे वेष्टन मी बदलले आहे. त्यावर आता आजीचे नाव आहे. ते तिला वाचून दाखवावे लागले.