पाच मिलिमीटरची लहर

खिशातला मोबाईल वाजला की आपण सहज बोलू लागतो. हा आवाज आला कसा, हे फारसे कोणी विचारीत नाही. आपले बोलणे प्रथम आकड्यांच्या सांकेतिक रूपात बदलते, रेडिओलहरींवर स्वार होऊन जवळच्या टॉवरकडे जाते, तेथून बहुधा काचतंतूंच्या केबलमधून पुढे सरकते व दुसऱ्या गावच्या टॉवरवरून पुन्हा लहरींच्याच रूपाने ऐकणाऱ्यापर्यंत पोचते. छायाचित्रे, पत्रे, परीक्षेचे निकाल, सारे याच वाटेने जाते. या वाटेचा विचार करताना मला आठवतात ते जगदीशचंद्र बोस. मोबाईल त्यांनी शोधला असे मी म्हणणार नाही. पण ज्या अतिलघु लहरींकडे हे शास्त्र आज वळले आहे, त्या त्यांनी एकोणिसाव्या शतकातच कोलकात्यात हाताळल्या होत्या.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. मुलाला इंग्रजी शाळेत घालणे त्यांना सहज शक्य होते. तरीही त्यांनी त्याला आधी बंगाली शाळेत पाठविले. तेथे चपराशाचा व कोळ्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसत. पुढे कोलकाता व केंब्रिज येथील शिक्षण संपवून १८८५ साली जगदीशचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा आपल्याला पगार कमी, हे कळताच त्यांनी तो नाकारला आणि तीन वर्षे बिनपगारी शिकविले. अखेर सरकारला नमावे लागले व मागची सर्व बाकी चुकती झाली.

कॉलेजात त्यांच्यासाठी प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहालगतची सुमारे चोवीस चौरस फुटांची खोली आणि एक अशिक्षित पत्रेकारागीर, एवढ्या बळावर १८९४ साली त्यांनी संशोधनास हात घातला. हर्ट्झ यांनी विद्युत्‌चुंबकीय लहरी सिद्ध करून दाखविल्या होत्या. पण त्या लांब असल्याने त्यांचे प्रकाशासारखे गुणधर्म तपासायला अवजड उपकरणे लागत. बोसांनी लहरच आखूड केली. पाच मिलिमीटरची लहर, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा हजार कोटी कंपने! मग सारी उपकरणे टेबलावर मावू लागली. पानोपानी कथलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक आणि पीळ दिलेला ताग यांचाही त्यांनी प्रयोगांत उपयोग केला. १८९५ मध्ये टाऊन हॉलमध्ये त्यांनी तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखविली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले.

या लहरींचे आज महत्त्व काय? मोबाईलच्या जाळ्यात प्रदेशाचे लहान लहान भाग, म्हणजे सेल, पाडलेले असतात. एका सेलमधील लहरींचा पट्टा दूरच्या सेलमध्ये पुन्हा वापरता येतो. धावत्या गाडीतील संभाषण एक टॉवर दुसऱ्याच्या हवाली करतो. ग्राहक वाढले, चित्रफिती वाढल्या, तसे जुने पट्टे अपुरे पडू लागले. आखूड लहरींकडे रुंद, मोकळे पट्टे आहेत. पण भिंती, झाडांची पाने व पाऊस यांनी त्या लवकर क्षीण होतात, म्हणून टॉवर जवळजवळ उभारावे लागतात. २०२२ साली भारतात लिलाव झालेला २६ गिगाहर्ट्झचा पट्टा बोसांच्या लहरींच्याच कुळातला आहे.

पेटंट घेऊन धन मिळविण्याची त्यांना हौस नव्हती. मित्रांच्या आग्रहामुळे गॅलिना स्फटिकाच्या लहरीग्राहकासाठी १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, पण त्याचा त्यांनी व्यापार केला नाही. त्यांनी स्वतः पुढे वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास हाती घेतला, १९१७ साली कोलकात्यात संशोधनसंस्था स्थापिली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी ते निवर्तले.

इंग्रजीत निबंध वाचणाऱ्या या शास्त्रज्ञाने ‘अव्यक्त’ हा विज्ञानलेखांचा संग्रह मात्र बंगालीत लिहिला. आपल्या मासिकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी नांदतात. त्या दोन्ही विभागांत कविता पुष्कळ, विज्ञान थोडे. आपल्या भाषेत शास्त्र मावत नाही, असे कोणी म्हटले की मला ती चोवीस फुटांची खोली दिसते. विद्यार्थी मित्रहो, पुढच्या अंकासाठी टॉवर, केबल, लहर, कशावरही लिहा. पण आपल्या भाषेत लिहा.