पंडिता रमाबाई आणि केडगांवची बाग

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता व त्यांनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्यांनीं विहिरी खणविल्या व बाग लाविली, ही गोष्ट आपण सहसा बोलत नाहीं. आज तीच सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं फिरत असे. रमाबाई तरुण असतांनाच दुष्काळ पडला व आईबाप उपासमारीनें मरण पावले. ती भूक त्या कधींही विसरल्या नाहींत. १८८२ सालीं वैधव्य आलें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन काढिलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास गेलें.

सदनाचा खर्च अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षें चालविण्याचें कबूल केलें होतें. मुदत सरल्यावर काय? दुसऱ्याच्या पैशावर कोठवर राहावें? हा विचार करून रमाबाईंनीं पुण्याजवळ केडगांवीं आगगाडीच्या रस्त्यालगत जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि आंबे, संत्रीं, लिंबें यांचीं झाडें लाविलीं. फळांच्या उत्पन्नावर सदन चालावें, हा हेतु होता.

परंतु फळें हातीं येण्यापूर्वींच १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतःची भूक आठवून रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या व सुमारें तीनशें मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग होता. एवढ्या जणींस शहरांत ठेवणें शक्य नव्हतें. मग त्या बागेंतच त्यांस आसरा मिळाला. मुक्तिसदन तें हेंच. १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळांतून आणखी शेंकडों मुली आल्या. ज्या हातांनीं भीक मागितली असती ते हात तेथें भाजीपाला पिकवूं लागले, माग चालवूं लागले, छापखान्यांत खिळे जुळवूं लागले. आंधळ्यांसही वाचावयास शिकविलें गेलें.

१९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही प्रभूजवळ गेल्या.

वाचकहो, बाग पैशासाठीं लाविली गेली, पण उपयोगी पडली ती भुकेल्यांस. जमीन व विहीर आधींच सिद्ध होती, म्हणून संकटकाळीं दार उघडतां आलें. आपल्या परसांत आज एखादें रोप लावितांना ही गोष्ट आम्ही विसरूं नये.